तिकोयची धिमी चाकं

तिकोयला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तो फळीवर नव्हता. हे मी आधीच सांगते, कारण आमच्या ह्या फिलिपिन्समधल्या दुमागेते शहरात अजून काही लोक म्हणतात की उतारावर पडला म्हणून त्याचं असं झालं. वीस वर्षं तो शेजारच्या वालेन्सियाच्या घाटातून लाँगबोर्डवर, म्हणजे चाकांच्या लांब फळीवर, उभा राहून खाली येत होता. एकदा मनगट मोडलं, त्यापलीकडे काही झालं नाही. आणि एका सकाळी बाजारात, केळीच्या पानात उकडलेला चिकट भाताचा गरम बुडबुड समोर ठेवून कोको पीत बसलेला असताना, त्याच्या डाव्या हातातून कप सुटला. तेव्हा तो एक्कावन्न वर्षांचा होता.

माझं दुकान समुद्राकाठच्या बुलेवार रस्त्याच्या मागच्या गल्लीत आहे. लाँगबोर्डच्या फळ्या, त्यांची चाकं, बेअरिंग आणि ट्रक मी विकते. ट्रक म्हटलं की नवख्याला मालाची गाडी आठवते. आमचा ट्रक एका हातात धरता येतो. फळीच्या पोटाशी पुढे एक आणि मागे एक असे दोन ट्रक बसवतात आणि त्यांच्या दांड्यांना चाकं. वर उभं राहून अंग एका बाजूला झुकवलं की ट्रक वळतो. किती वळणार ते त्याच्या कोनावर ठरतं, आणि किती सहज वळणार ते मधल्या बोल्टवर ओवलेल्या रबरी बुशांवर. नवरा गेल्यापासून अठरा वर्षं मी हेच करते आहे. माणूस किती वजनाचा, कुठे फिरणार, किती भितो, हे बघायचं आणि त्याला साजेसा जोड लावून द्यायचा. लहानमोठे सगळे मला नांग सियांग म्हणतात. नांग म्हणजे थोरली.

झटक्यानंतर सात महिन्यांनी तिकोय दुकानात आला. डाव्या गुडघ्याखाली पट्ट्यांचा आधार, उजव्या हातात काठी, मागे बायको ग्लोरिफे. तो स्टुलावर बसला आणि दम खाऊन म्हणाला, "नांग, मला एक फळी बांधून दे."

त्याचे शब्द कडेनं थोडे घसरत होते, पण कळत होते.

"ह्याला तूच काय ते सांग," ग्लोरिफे म्हणाली. "डॉक्टर म्हणाले चाला. चाला म्हणाले. घसरा नाही म्हणाले."

"घाटात कोण जातंय? बुलेवारवर फिरायचंय. सपाट रस्ता आहे. म्हाताऱ्या बायका कुत्री फिरवतात तिथे."

"म्हाताऱ्या बायकांचे दोन्ही पाय चालतात."

तिकोय हसला. अर्धाच चेहरा हसला. ग्लोरिफेनं दुसरीकडे बघितलं.

मी एक बिनचाकांची फळी जमिनीवर ठेवली आणि त्याला तिच्यावर उभं केलं. सवयीनं त्यानं डावा पाय पुढे टाकला. गुडघा लगेच थरथरायला लागला.

"उलटा उभा राहा," मी म्हटलं. "उजवा पुढे."

"वीस वर्षं डावा पुढे ठेवलाय मी."

"माहितीय. पण आता तुझं ऐकतो कुठला पाय? उजवा. मग सुकाणू त्याच्याकडे दे."

तो काठी टेकत वळला आणि उजवा पाय पुढे घेतला. स्वतःच्या घरात परक्या दारानं शिरल्यासारखा उभा होता, पण थरथर थांबली होती.

मग ट्रक निवडायचे होते. त्याचे घाटातले जुने ट्रक मी मुळीच काढले नाहीत. ते कमी कोनाचे, कडक बुशांचे. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात स्थिर राहतात, पण चालण्याच्या वेगात त्यांना वळवायचं तर घोट्यात ताकद लागते. मी आधी पन्नास अंशांची जोडी ठेवली. रस्त्यावर डावीउजवीकडे लांब वळणं घेत फिरायला हीच सगळे नेतात.

तिकोयनं एक ट्रक उजव्या हातात घेतला, दांडी मांडीवर दाबून झुकवली आणि सोडली. ती परत बरोबर मध्ये आली. दुसरा झुकवला, तो मध्ये यायच्या आधीच किंचित अडला. मग त्यानं त्याचं टोक ज्या वाटीत बसतं तिथे अंगठा लावून हलवून बघितलं.

"हा वाटीत सैल आहे."

"आहे," मी म्हटलं आणि तो खाली ठेवला. हात चालत नसला तरी पारख गेली नव्हती.

"तसाही मागे पन्नासाचा नकोच तुला," मी सांगितलं. "मागे तुझा डावा पाय असणार. तो मधेच उडतो. पन्नासाचा ट्रक त्याचं सगळं ऐकेल आणि फळीचं शेपूट हलवेल. पुढे पन्नास, मऊ बुश. मागे तीस, कडक बुश. पुढचा वळेल, मागचा नुसता मागोमाग येईल."

"म्हणजे डाव्याला कामावरून काढलं."

"बसून पगार खाऊ दे त्याला."

ग्लोरिफे ह्यावर हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली. मी चाकं बसवत होते. ती काउंटरला टेकून म्हणाली, "नांग, ती फळी जाऊच नये असं काहीतरी कर."

"जाणार नाही ती फळी कसली?"

"अकरा दिवस मी त्याला चमच्यानं भरवलं. त्याला गिळता येत नव्हतं, ओठातून सगळं बाहेर यायचं, आणि तो माझ्याकडे बघायचा." ती हे अगदी शांतपणे सांगत होती. "मला ते पुन्हा जमायचं नाही."

ती गेल्यावर मी चार चाकांच्या आठही बेअरिंगची झाकणं सुईनं उचलली, आतलं पातळ तेल पुसून काढलं आणि जाड ग्रीस ठासून भरलं. बेअरिंग चांगलीच होती. मी त्यांचे पाय बांधून टाकले. तिकोयला काही सांगितलं नाही. अठरा वर्षांत मी गिऱ्हाइकाला फळीत काय घातलंय ते सांगितल्याशिवाय ती हातात दिली नव्हती.

सकाळी साडेपाचला बुलेवारवर गाड्या नसतात. त्या वेळी आम्ही तिघं जायचो. तिकोय माझ्या खांद्याचा आधार घेऊन फळीवर चढायचा, ग्लोरिफे त्याच्या कमरेला हात लावून हलकेच ढकलायची आणि सोडायची. फळी दहाबारा पावलं जायची आणि थांबायची. समुद्राच्या बाजूला वळण त्याला पहिल्याच आठवड्यात जमलं. रस्त्याच्या बाजूला वळताना टाचेवर भार घ्यावा लागायचा, तो जमेना. पण पडला एकदाही नाही. ग्लोरिफेच्या चेहऱ्यावर रंग आला. मला वाटलं, बरं केलं आपण.

तिसऱ्या आठवड्यात एकदा तो दमून किनाऱ्याच्या कठड्यावर बसला. फळी त्यानं मांडीवर उपडी घेतली आणि पुढचं एक चाक बोटानं फिरवलं. दोन फेरे घेऊन ते थांबलं. त्यानं दुसरं फिरवलं. मग तिसरं. चौथं फिरवलंच नाही.

"आत काय भरलंयस?"

"ग्रीस."

"कुणी सांगितलं?"

मी ग्लोरिफेकडे बघितलं, आणि तिनं मान खाली घातली. तेवढं त्याला पुरलं.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. सिकिहोर बेटामागून ऊन वर येत होतं, त्यात डोळे बारीक करून तो म्हणाला, "तीन आठवडे मला वाटतंय, माझ्यातच जोर उरला नाही. रोज रात्री मी त्या पायाला शिव्या घालतोय."

त्यानं फळी कठड्यावर ठेवली आणि काठी घेऊन घराकडे चालायला लागला. ग्लोरिफे चार पावलं मागे राहून त्याच्याबरोबर गेली. फळी मी दुकानात आणली.

आठ दिवस तो फिरकला नाही. मी रोज शटर उघडताना गल्लीच्या तोंडाकडे बघायची. नवव्या दिवशी दुपारी आला, एकटाच. फळी कुठेय म्हणून विचारलं. मग एक वाडगा, रॉकेल, जुना ब्रश आणि सुई मागून घेतली आणि स्टुलावर बसला.

आठ बेअरिंग एका हातानं साफ करायची म्हणजे काय, ते मी पाच दुपारी बघितलं. चाक शेगड्याच्या लोखंडी जबड्यात धरायचं, बेअरिंग बाहेर काढायचं, झाकण सुईनं उचलायचं. सुई घसरायची. झाकण उडून कपाटाखाली जायचं, मग तो काठीनं ते ओढून काढायचा. एकदा मी वाकले तर म्हणाला, "राहू दे." पुन्हा वाकले नाही.

तिसऱ्या दुपारी मीच बोलले.

"ग्लोरिफेनं सांगितलं हे खरं. पण तिच्यासाठी नाही केलं मी. तू पडलास तर सगळं गाव म्हणेल, सियांगनं लुळ्या माणसाला फळी दिली. मला त्याची भीती वाटली."

तो ब्रश वाडग्यात घोळत राहिला. "ते मला कठड्यावरच कळलं होतं," तो म्हणाला. "ग्लोरिफेला ग्रीस म्हणजे काय ते माहीत नाही. ती घाबरते ते मला चालतं, ती बायको आहे. तू मला दुकानदारासारखं सांगायला हवं होतंस. ही चाकं धिमी आहेत, ही जलद, ह्यांनी हे होईल, त्यांनी ते. मग मी ठरवलं असतं."

"चुकलं माझं."

"चुकलंच."

एवढंच बोलणं झालं. पाचव्या दुपारी त्यानं प्रत्येक बेअरिंगमध्ये तेलाचे दोन-दोन थेंब सोडले आणि चाक फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं. पण नुसत्या फिरण्यावर तोही विश्वास ठेवत नाही, मीही नाही. वर माणूस उभा राहिल्यावर फळी किती जाते तेच खरं मोजमाप.

बुलेवारवर गाड्या चढवायला एके ठिकाणी छोटा उतार केलेला आहे. तिथून कुणी न ढकलता सुटायचं आणि थांबेल तिथे खडूनं खूण करायची, असं ठरलं. ग्लोरिफेही आली. खडू तिच्याच हातात होता.

पहिल्या खेपेला फळी दुसऱ्या दिव्याच्या खांबापर्यंत गेली. ग्रीस असताना ती पहिल्या खांबाच्या अलीकडेच थांबायची. दुसऱ्या खेपेला त्यानं समुद्राकडे लांब वळण घेतलं, आणि मग, पहिल्यांदाच, रस्त्याच्या बाजूलाही घेतलं. वेग असल्यामुळे जमलं ते. धिमी फळी झुकलेल्या माणसाला तोलत नाही, हे मला त्याच्याआधी कळायला हवं होतं.

तिसऱ्या खेपेला तो चौथ्या खांबापर्यंत गेला. तिथे त्याला थांबायचं होतं. उजवा पाय खाली टेकवायचा तर सगळा भार डाव्यावर घ्यावा लागणार होता, आणि डाव्यानं तो घेतला नाही. फळी पुढे निघून गेली. तो डाव्या कुशीवर पडला.

मी धावले. ग्लोरिफे धावली नाही. ती सरळ चालत गेली, त्याच्या शेजारी खाली बसली आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. कोपराची साल निघाली होती, खांद्याला मार होता. तो आकाशाकडे बघत पडून होता.

"चौथा खांब," तो म्हणाला. "खूण कर."

ग्लोरिफेनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग उठून खांबाखाली खडूची रेघ ओढली. परत आली तेव्हा ती रडत होती, आणि रडतानाच तिनं आपल्या रुमालानं त्याचं कोपर बांधलं.

खांदा बरा व्हायला तीन आठवडे लागले. नंतर तो दुकानात आला, तेव्हा त्यानं काउंटरवर हात ठेवून नीट, एकेक शब्द सांभाळत सांगितलं, "मागच्या दोन चाकांत ग्रीस भर. पुढच्यांत तेल राहू दे. झुकायला पुरेल एवढा वेग हवा, आणि थांबेल एवढाच."

मी त्याच्यासमोर भरलं. प्रत्येक बेअरिंग त्याला दाखवून मग बसवलं.

ह्याला आता दोन वर्षं होत आली. तो आठवड्यातून चार सकाळी बुलेवारवर असतो, बहुतेक तिसऱ्या खांबापर्यंत जातो. रस्त्याच्या बाजूचं वळण कधी जमतं, कधी नाही. थंड वाऱ्याच्या दिवसांत पाय आखडतो, तेव्हा नुसता कठड्यावर बसून येतो. डावा हात तसाच आहे.

गेल्या नोव्हेंबरात वालेन्सियाच्या घाटात शर्यत होती. पोरांनी त्याला नोंग, म्हणजे थोरला, म्हणून मानानं बोलावलं, "नोंग तिकोय, तुम्ही मोठ्या वळणावर निशाण घेऊन उभे राहा." मी त्याच्याबरोबर गेले. तो उजव्या हातात पिवळं निशाण धरून उभा होता. पोरं वरून येत होती, वळणावर जमिनीला हात टेकवत, चाकांचा चरचर आवाज करत दिसेनाशी होत होती. प्रत्येकाच्या वेळी तिकोयचं उजवं कोपर थोडं वाकायचं. सातआठ जण गेल्यावर त्यानं निशाण शेजारच्या माणसाच्या हातात दिलं.

"चल, नांग."

"गाडी बोलावू?"

"नको."

शर्यत दोन फेऱ्यांच्या मधे थांबली होती, तेवढ्यात आम्ही कडेकडेनं उतरायला लागलो. काठी, उजवा पाय, मग डावा. वाटेत एका घराच्या ओसरीवर बसलेल्या बाईनं पाणी दिलं. तिकोय दर वळणाला थांबायचा आणि मागे रस्त्याकडे बघायचा.

"इथून मला चार मिनिटं लागायची," तो म्हणाला. "हा रस्ता एवढा लांब आहे, हे मला माहीतच नव्हतं."

पायथ्याशी ग्लोरिफे वाट बघत उभी होती. आम्हाला खाली पोचायला अडीच तास लागले.