गरम प्लग, थंड प्लग

"गाडी चालवता कशी तुम्ही?" दुकानदार नॉरिसनं विचारलं.

ग्लेनिसनं रुमालात गुंडाळून आणलेला जुना स्पार्क प्लग काउंटरवर ठेवला होता आणि असेच चार द्या म्हणून सांगितलं होतं. त्यात चालवण्याचा प्रश्न कुठून आला, ते तिला कळेना.

"मी नाही चालवत. माझ्या नवऱ्याची गाडी आहे."

"बरं, मग ते कशी चालवतात?"

"तेही नाही चालवत."

नॉरिसनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि प्लग खिडकीच्या उजेडात धरला. हिंकली गावात गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आणखीही होती, पण एकाहत्तर सालच्या उघड्या दोन सीटच्या गाडीचं सामान मागायला गेलं की सगळे त्याच्याकडेच पाठवायचे.

"काजळी बघा किती धरलीय. हा थंड जातीचा प्लग आहे, बाई. गाडी लांब, जोरात पळवायची असेल तर हा घालायचा. पळणाऱ्या इंजिनात तो तापतो आणि आपली काजळी आपणच जाळतो. गाडी पळालीच नाही तर बिचारा तापतच नाही. मग ठिणगी मरते, इंजिन खोकायला लागतं. खोकतंय ना?"

"खोकतंय. रविवारी तर सुरूच होईना."

"आणि रविवारी कुठवर नेता?"

"कुठंच नाही. गॅरेजमध्येच सुरू करते. ते ऐकतात थोडा वेळ. मग बंद."

नॉरिसनं मागच्या फळीवरून एक वेगळी डबी काढली. "उभ्या गाडीला गरम जातीचे घ्या. लवकर तापतात. इंजिन मिनिटभर चाललं तरी साफ राहतात. पण आधी नवऱ्याला विचारा. ह्या गाड्यावाल्यांचं डोकं जरा तिरकं असतं."

"त्यांना बोलता येत नाही," ग्लेनिस म्हणाली.

"मग डबी न फोडता दाखवा," तो हलकेच म्हणाला. "नाही पसंत पडले तर बदलून देतो."

ती घाईनं बाहेर पडली. गुरुवारची दुपार होती. नणंद ॲव्हरिल गुरुवारी ग्लेनिसच्या नवऱ्याजवळ, विल्फजवळ, बसायची आणि चारच्या ठोक्याला उठायची. आठवड्यातून तेवढाच वेळ ग्लेनिसचा स्वतःचा होता. तो औषधांच्या दुकानात, पोस्टात आणि भाजी घेण्यात संपायचा.

विल्फ कॉव्हेंट्रीच्या मोटारींच्या कारखान्यात साचे बनवायचा. सुटीच्या दिवशी हिरवी गाडी घेऊन टेकड्यांच्या चढावर शर्यतीला जायचा. ग्लेनिस गवतात चादर टाकून बसायची, सँडविच बांधून आणायची, त्याची वेळ मोजायला घड्याळ लावून धरायची. त्या गाडीचं स्टिअरिंग मात्र त्यानं तिला कधी हातात दिलं नाही. "तुझा पाय जड आहे, ग्लेन, ॲक्सिलरेटर फार दाबतेस," म्हणायचा आणि हसायचा. तीही हसायची. बाजारहाटाला तिची छोटी गाडी होती, तीत तिचा पाय जड आहे असं कुणी म्हणत नव्हतं.

मग एका सकाळी दाढी करताना तो कोसळला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मोज्यांच्या कारखान्यातली नोकरी ग्लेनिसनं त्याच महिन्यात सोडली. विल्फकडे एकच शब्द उरला होता, 'नाही'. भूक लागली तरी नाही, चहा गरम असला तरी नाही, तू कुठे होतीस यालाही नाही. सुरावरून अर्थ लावायला ती शिकली होती. रात्री त्याला कूस बदलून द्यायला उठायचं, सकाळी अंघोळ घालायची, भरवायचं, पुसायचं. ती डोल्गेल्लीची, वेल्सच्या डोंगरातली. तिथली बहीण फोनवर म्हणायची, "चार दिवस ये की गं." ग्लेनिस म्हणायची, "येते, बघते." बहिणीनं हल्ली विचारणं सोडलं होतं.

घरी आली तेव्हा ॲव्हरिल कोट चढवून दारातच उभी होती.

"कुठं होतीस?"

"प्लग आणायला गेले होते."

"स्वतःचे बूट बघ, तळ सुटलाय. आणि हिला त्या डबड्याला प्लग हवेत. माझा भाऊ आहे म्हणून सांगते, विकून टाक ते. तो काय त्यात बसणारे आता?"

"बसणार नाही. माहितीय मला."

"मग?"

ॲव्हरिल गेल्यावर ग्लेनिसनं विल्फची खुर्ची स्वयंपाकघराच्या टेबलाशी आणली आणि डबी त्याच्यापुढे ठेवली.

त्यानं डाव्या हातानं ती जवळ ओढली, डोळ्यांपाशी नेली. डबीवरचा, प्लगची जात सांगणारा आकडा वाचला. ग्लेनिस त्याचा चेहरा बघत होती. तिला वाटलं होतं, तो चिडेल. पण त्याचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला. मग त्यानं कोपरानं डबी टेबलावरून ढकलून दिली.

"नाही."

"अरे, उभ्या गाडीला हेच लागतात म्हणाला तो."

"नाही."

"मग काय करू, विल्फ? सांग ना. ते थंडवाले काळे पडतात. गाडी पळाली पाहिजे म्हणे. कोण पळवणार? तू? मी?" तिचा आवाज चढला. एवढ्या महिन्यांत तो पहिल्यांदाच चढला होता. "उभीच आहे ती गाडी. उभीच राहणार. आपण सगळेच उभे आहोत इथं."

विल्फच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजव्यातूनही आलं, पण ते त्याच्या गालाला कळलं नाही, हनुवटीवरून शर्टावर पडलं. ग्लेनिस खाली बसून डबी उचलायला लागली. टेबलाखाली असतानाच तिला आवाज ऐकू आला. घोगरा, आतून ओढून काढलेला.

"जा."

ती तशीच थांबली. मग उठली. "काय म्हणालास?"

त्याच्या कपाळावर घाम आला होता. मागच्या दाराच्या काचेतून गॅरेज दिसत होतं. त्यानं तिकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"जा," तो पुन्हा म्हणाला.

पुढच्या गुरुवारी नॉरिसनं डबी बदलून थंड जातीचे प्लग दिले. काही विचारलं नाही, फक्त म्हणाला, "बसवताना आधी हातानं फिरवा. पाना शेवटी." ती घरी आल्यावर विल्फनं खुर्चीत बसूनच एकेक प्लग गुडघ्यांत धरला आणि डाव्या हातानं पातळ पट्टी घालून टोकातली फट मोजली. एका प्लगची फट त्याला पटेना. ती ठीक करण्यात त्यानं बराच वेळ घेतला. ॲव्हरिल बाजूला विणत बसली होती, डोळे वर न करता.

ग्लेनिसनं त्याची खुर्ची गॅरेजच्या दाराशी नेली, जुने चार काढले, नवे बसवले. तारांची अदलाबदल झाली की विल्फ "नाही" म्हणायचा. शेवटच्या तारेला तो काहीच म्हणाला नाही. तिनं किल्ली फिरवली आणि इंजिन एका दमात बोलायला लागलं. बंद असलेलं रेडिओ केंद्र अचानक लागावं तसा तो आवाज अंगणभर झाला.

"चारला निघणार मी," ॲव्हरिल म्हणाली.

ग्लेनिस मान हलवून आत बसली. सीट इतकी खाली होती की आपण रस्त्यावरच बसलोय असं तिला वाटलं.

गावाबाहेर जुना रोमन रस्ता लागतो. तो सरळ पश्चिमेला जातो, श्रूसबरीला आणि तिथून पुढे वेल्सला. तिला फक्त पुढच्या चौकापर्यंत जाऊन परत यायचं होतं. पण चौक आला तेव्हा इंजिन नुकतं मोकळं व्हायला लागलं होतं, सुरुवातीची अडखळ गेली होती, म्हणून ती पुढे गेली. मग पुढचाही चौक गेला. पाय जड होता. तिनं तो तसाच जड ठेवला. कापणीचे दिवस होते. एका ठिकाणी ट्रॅक्टरमागे रांग लागली आणि त्याच्या ट्रॉलीतला भुसा वाऱ्याबरोबर उडून तिच्यावर पडत राहिला. ती हसायला लागली. एकटीच, मोठ्यानं. बाजूच्या लॉरीवाल्यानं हॉर्न वाजवला, तिनं त्यालाही हात केला.

एका वळणाआधी श्रूसबरीची पाटी दिसली. ती बाजूच्या मोकळ्या जागेत थांबली, पण इंजिन बंद केलं नाही.

टाकी भरलेली होती. अंधार पडायच्या आत डोल्गेल्लीला पोचता आलं असतं. बहिणीनं दार उघडलं असतं, आधी शिव्या घातल्या असत्या, मग चहा टाकला असता. तिकडे घरी ॲव्हरिलनं चार वाजता घड्याळ बघितलं असतं. ती काही भावाला टाकून गेली नसती. आज नसती गेली. उद्याही. नंतर कुणीतरी कुठलीतरी व्यवस्था केली असती. लोक करतातच. त्यानं स्वतःच्या तोंडानं जा म्हटलं होतं. कुठे, ते म्हटलं नव्हतं, आणि कुठवर, तेही नाही.

हे सगळं तिनं अगदी शांतपणे, भाजीचा हिशेब करावा तसं मनात मांडून बघितलं. कुठेच चूक सापडेना. गाड्या सरसर पश्चिमेला जात होत्या. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं रस्ता मोकळा मिळायची वाट बघितली आणि गाडी वळवली.

ती अंगणात शिरली तेव्हा पाच वाजून गेले होते. ॲव्हरिल कोट घालून पायरीवर उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मला वाटलं," ती म्हणाली आणि थांबली. "मला काय वाटलं ते जाऊ दे. त्यानं चहा घेतला नाही. खिडकीपासून हललाच नाही. मी जाते."

ग्लेनिस आत गेली. विल्फ खुर्चीत होता, मांडीवरची शाल घसरून खाली पडली होती. खूप वेळ बसल्यामुळे तो एका बाजूला कलला होता. त्यानं नाहीसुद्धा म्हटलं नाही. ती शाल उचलायला त्याच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली, तेव्हा त्याचा डावा हात तिच्या डोक्यावर आला.

तो तिच्या केसांतला भुसा काढत होता. एक काडी चिमटीत धरायची, ती निसटायची, पुन्हा धरायची, मग खुर्चीच्या हातावर ठेवायची. त्याला घाई नव्हती. काड्या पुष्कळ होत्या. ग्लेनिसचे गुडघे फरशीवर दुखायला लागले. तिनं डोकं आणखी थोडं खाली केलं, त्याचा हात पोचावा म्हणून.