दहापैकी दोन

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी नववीतल्या एका मुलीला तासातून उठवून समुपदेशक बाईंच्या खोलीत पाठवण्यात आलं. टेबलावर तिची प्रश्नावली होती. नाव लिहायचं नव्हतं, पण कोपऱ्यात हजेरी क्रमांक होताच.

एका प्रश्नाखाली लाल रेघ होती. जवळच्या व्यक्तीने नशेचा आग्रह केला तर नकार देता येईल, याची किती खात्री वाटते? शून्य ते दहा. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी दहा लिहिलं होतं. हिने दोन.

"दोनच?" बाईंनी विचारलं.

"खरं लिहा म्हणालात, बाई."

"म्हणजे तुला 'नाही' म्हणता येत नाही."

"म्हणते. पण पुढच्या वेळी जमेलच, असं नाही वाटत."

"कोण देतं?"

"मी तासाला जाऊ, बाई?" बाईंनी लिहिलं: सहकार्य करत नाही. आतापर्यंत किती वेळा नकार दिला, असा रकाना प्रश्नावलीत नव्हता. असता तर तिला तीन लिहावं लागलं असतं.

दीड वाजता आई आली. ती लॉन्ड्रीत इस्त्री करते. मनगटावर वाफेचा ताजा चटका होता. बाईंनी तिला सोबती योजना समजावली. ज्यांचे दहा, त्यांनी कमी गुणांच्या मुलींना शाळा सुटल्यावर घरी पोचवायचं. मुलीची मावसबहीण दहावीत होती. तिचे दहा. घरचीच असल्यामुळे बाईंना आणि आईलाही बरं वाटलं.

जिन्यात मुलीने आईची बाही धरली.

"आई, ताईच देते. पाण्याच्या बाटलीत खोकल्याचं औषध भरून आणते. तिघी-चौघी पितात, मग डुलत बसतात."

"बाईंसमोर तोंड शिवलं होतं ना? मग आताही गप्प बस. स्वतःला झेपत नाही म्हणून तिच्यावर ढकलतेस?"

"खोटं नाही सांगत."

"तिचे दहा आहेत. तुझे दोन." दोन पायऱ्या उतरून आई थांबली. "दहा लिहायला काय हात झिजले असते तुझे?"

बुधवारी चार वाजता ताई फाटकाशी उभी होती. रखवालदाराच्या वहीत दोघींच्या सह्या तिनेच ठोकल्या. कोपऱ्यावर वळल्यावर तिने बाटली पुढे केली. मुलीने मान हलवली.

"नको तर नको," ताई म्हणाली. "मी काय, आता रोजच आहे."

महिन्याभराने तीच प्रश्नावली पुन्हा झाली. त्या प्रश्नापुढे मुलीने दहा लिहिलं. बाईंनी तो कागद सुधारणेचा नमुना म्हणून वरच्या कार्यालयात पाठवला आणि आईला फोन केला. आई म्हणाली, "बघा, मनावर घेतलं की जमतं."

त्याच दिवशी, चार वाजून पाच मिनिटांनी, वहीत दोघींच्या सह्या आहेत. दुसरी सही आता मुलीच्या स्वतःच्या अक्षरात आहे. कोपऱ्यावर ताईने बाटली पुढे केली, तेव्हा मुलीने ती घेतली.