टाक्यांची पाठ

ताईची हातोडी. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

सह्यांवर चिकटवलेल्या कागदी पट्ट्या.

गेल्या आठवड्यात ताई दाराशी उभी राहून म्हणाली, "या ना आत, लाजताय काय!" समोर कोट अडकवायचा खांब होता. "गंमत केली गं," असं नंतर म्हणाली.

कुंभाराच्या कोपराला वाळलेली माती. सुट्टीच्या दिवशी धुतो म्हणे. त्याला सुट्टी नसते.

सगळ्यांनी मिळून रंगवलेली भिंत, आणि तरी प्रत्येकाच्या मते दुसऱ्याचा हात खराब.

असलं काहीबाही धाकटीच्या डोक्यात भिरभिरत होतं, कारण एका गोष्टीचा विचार तिला करायचा नव्हता. ती गॅलरीच्या मागच्या खोलीत बसली होती आणि आज फेरा होता.

ही गॅलरी कुणा मालकाची नाही. चित्रं नि फोटो काढणारे, मातीकाम, काचकाम करणारे मिळून ती चालवतात. झाडतात तेच, दिवे बदलतात तेच, भांडतातही तेच. नव्या सभासदांचं वर्ष भरलं की त्यांची कामं सही झाकून दालनात भिंतीशी उभी करतात आणि सगळे सभासद पाळीपाळीने एकटे आत जातात. हाच फेरा. काम गॅलरीत राहू नये असं ज्याला वाटेल त्याने ते भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. बोलायचं नाही, कारण द्यायचं नाही. एकाने वळवलं तरी पुरे. काम घरी जातं आणि करणाराही. एकदा वळवलेलं पुन्हा सरळ करायची मुभा मात्र कुणालाच नाही. हे नियम ताईनेच घातलेले, गॅलरी उघडली तेव्हा.

धाकटी ताईची सख्खी बहीण. तिचं पहिलं वर्ष आज भरलं. तिचं काम म्हणजे कोऱ्या जाड कापडावर कापडाच्याच रंगाचा दोरा, चौकटीत ताणलेलं, मागे पुठ्ठा नाही. लांबून पाहिलं तर काहीच नाही. जवळ गेलं की पाण्यावरून वारा गेल्यासारखे टाके. पाठही इतकी नीट की पुढची बाजू कुठली हे सहीवरूनच कळावं.

ती आत जाऊन आली तेव्हा सगळी कामं सरळ होती. तिचंही. तिच्यामागून ताई गेली, आणि आली ती थेट तिच्या शेजारी येऊन टेकली.

"ऐक," ताई तिच्या कानाशी कुजबुजली, "तुझं कुणीतरी वळवलं होतं. मी सरळ करून आले. एकदाच मोडला नियम, मरू दे."

धाकटी आणि ताई यांच्या मध्ये कुणीच आत गेलं नव्हतं.

"ताई, तुला नक्की..."

"तू मला शिकवू नकोस हं."

"अगं, पण पट्टी होती का वर? सहीची?"

"पट्टी बघत बसू का मी? तुझं काम मला कळत नाही होय?"

"बहिणी-बहिणींचं काय गुळपीठ चाललंय?" पलीकडून कुंभार ओरडला. "फेऱ्यात वशिला चालत नाही बरं का!"

"तुझी मडकी कशी राहिली मग?" ताईने तोंडावर फेकलं. सगळे हसले. धाकटीही हसली.

आता आत काचवाले काका गेले होते. काका बाहेर आले. चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. मग फोटोवाली गेली.

सांगून टाकावं का? ताईला दिसत नाही, तिने चुकून वळवलं, एवढंच तर सांगायचं. मग आपली चौकट राहील. आणि ताईची हातोडी जाईल. कुठलं चित्र कुठे, कुठल्या उंचीवर, कुठल्या दिव्याखाली, हे आजवर ताईच ठरवत आली. खिळाही तीच ठोकायची. ज्याला खांब आणि माणूस एकच दिसतात त्याला भिंत कोण देईल? आणि न सांगावं, तर उद्यापासून सकाळी उठून आपण जायचं कुठे?

फोटोवाली परत आली. "चला, झालं."

सगळे दाटीवाटीने आत शिरले. ताई सर्वांत पुढे. भिंतीपाशी एक चौकट पाठमोरी होती, तिच्यावर पट्टी दिसत नव्हती.

ताईने भिंतीवरून नजर फिरवली, धाकटीचा दंड दाबला आणि खुशीत म्हणाली, "वा! सगळी सरळ..."

"मीच वळवलं," धाकटी घाईने म्हणाली. इतक्या मोठ्याने की तिचं तिलाच दचकायला झालं. "माझंच आहे ते. आवडलं नाही मला."

"स्वतःचं?" काका म्हणाले. "असं कधी कुणी केलं नाहीये."

"नियमात नको असं कुठे आहे?"

"काय वळवलंस?" ताईचा आवाज एकदम बारीक झाला.

ती पुढे गेली, चौकटीपुढे बसली. बोटांनी कोपरा चाचपला. दुसरा. मग हात मागे घातला, आणि तो तिथेच राहिला. पट्टी मागे होती.



"घरी हे जाणार नाही," ताई पाठमोरीच म्हणाली. "मी वळवलंय. सरळ करते आहे असं समजून." उठताना तिने भिंतीला हात टेकला. "हातोडी हिच्याकडे द्या. मला खिळा दिसत नाही."

"ताई, तू..."

"उंची मी सांगेन. तू ठोक."

हातोडी फोटोवालीने आणून दिली. धाकटीला ती वाटली होती त्याहून जड लागली.

टाक्याची पाठ पुढच्या बाजूइतकीच नीट हवी, हे धाकटीला ताईनेच शिकवलं होतं, धाकटी फ्रॉकात होती तेव्हा.