वरच्या खिडकीखाली

आमच्या मुलीचं, मेगनचं लग्न झालं त्या वर्षीची, म्हणजे १९८६ ची गोष्ट. व्हरमाँटमधल्या आमच्या गावात पाटीच्या दगडाच्या खाणी बंद पडत चालल्या होत्या, पण कामगारांचं जुनं टॅव्हर्न जोरात होतं. मालक कर्टिस हॅथॉर्न बाहेरून आलेला. हिवाळ्यात दर महिन्याला तो कोणाला तरी शेकोटीपाशी उभं करून गावाचा इतिहास सांगायला लावी. त्या निमित्तानं बिअर खपे.

जानेवारीत पाळी माझ्या धाकट्या बहिणीची, ओल्वेनची होती. ती शाळेत शिकवायची. मला साठीला टेकल्यावर अक्षरं तिनंच शिकवली.

टॅव्हर्नच्या भिंतीवर एक पितळी पाटी होती. तिच्यावर आमच्या आजोबाचं, एमरिस प्रॉसरचं नाव आहे एवढं मला ठाऊक होतं, आणि तिच्याखाली बसून प्यायला मला अभिमान वाटायचा. वाचता आलं तेव्हा कळलं, तिच्यावर लिहिलंय की खाणीतल्या संपाच्या वेळी तीन कामगार इथं दारूच्या भांडणात मेले. आजोबा चॅपलचा, म्हणजे दारू वर्ज्य मानणाऱ्या प्रार्थनाघराचा माणूस. त्यानं जन्मात बिअर तोंडाला लावली नव्हती. गोळ्या झाडल्या कंपनीच्या पहारेकऱ्यांनी, टॅव्हर्नच्या वरच्या खिडकीतून. जुन्या घरांत हे सगळ्यांना माहीत होतं. टॅव्हर्नमध्ये मात्र कोणी कधी बोललं नव्हतं, आणि ओल्वेनला ते तिथंच बोलायचं होतं.

कर्टिसला कुणकुण लागली. खिडकीची ती खोली तो पाहुण्यांना सगळ्यात महाग देई. भाषण सुरू व्हायच्या आधी तो तिच्यापाशी आला.

"लोक इथं बिअर प्यायला येतात, ओल्वेन. सुतक पाळायला नाही."

"बिअर तुझी, कर्टिस. मेलेली माणसं आमची."

बोलता बोलता ती पहारेकऱ्यांच्या गोळ्यांपर्यंत पोचली आणि कर्टिसनं काउंटरवरची घंटा बडवायला सुरुवात केली. बंद खाणीतली ती घंटा त्यानं नुकतीच शोभेसाठी आणून टांगली होती. ओल्वेनचा आवाज बुडाला.

पण खाणीत ती घंटा सुरुंगाआधी वाजायची. वाजली की हातातलं टाकून बाहेर पडायचं आणि मागं कोणाला ठेवायचं नाही, हे आमच्या हाडांत मुरलेलं. म्हातारा ग्रिफ भरलेला ग्लास तसाच ठेवून उठला.

"घंटा झाली, चला," तो म्हणाला. "ओल्वेन, तूही चल बाई. आत कोणाला सोडता येत नाही."

आम्ही सगळे उठलो. ज्यांनी कधी खाण पाहिली नव्हती तेसुद्धा उठले. बाहेर बर्फात, त्या खिडकीखाली, ओल्वेननं तुटलेलं वाक्य पुढं उचललं.

कर्टिस दारात आला. पुढचा ग्लास फुकट देतो, आत या, म्हणाला.

"पाटी काढ, मग येतो," मी म्हणालो.

पाटी कायद्यानं इमारतीची आहे, असं काहीतरी तो बोलला. कोणी आत गेलं नाही.

पाटी अजून तिथंच आहे. आम्हीही दर जानेवारीला खिडकीखाली उभे राहतो आणि वर पाहुणे झोपलेले असले तरी मोठ्यानं सांगतो: एमरिस प्रॉसर, ह्यू पेनरी आणि टॉमोस बेवन हे तिघं ११ ऑक्टोबर १९०७ रोजी, पूर्ण शुद्धीत, गोळ्या लागून मेले.