काटा बरोबर होता

"मिस डेल्फीन, हा माल मेलाय," वेड म्हणाला. "तिन्ही चाचण्यांत अभिक्रियेचा वेग बारा टक्के कमी. दोन वाजता साहेबांना अहवाल देतो. खेळ खलास."

लेक चार्ल्स शहरातल्या रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत डेल्फीन चौतीस वर्षं तंत्रज्ञ होती. वेड चार महिन्यांचा नवा इंजिनीअर. बेन्झीनला इथिलीन जोडणारा हा नवा झिओलाइट, म्हणजे अभिक्रिया वेगानं घडवणारे सच्छिद्र खडे, नापास झाला, तर चाचणीचं काम बंद होणार होतं आणि त्यावरची चार माणसं पांगणार होती.

"भट्टीतून काढल्यावर निववतोस कुठे?" तिनं विचारलं.

"वजनाच्या काट्याशेजारी. जेवून येईपर्यंत निवतं."

"उघडं?"

"झाकायचं कशाला? दगडच तर आहे."

"काल काय होतं जेवायला?"

"कोळंबीचा गम्बो."

"छान. तू गम्बो खाल्लास, तोवर यानं पाणी ढोसलं."

हवाबंद बरणीतले त्याच मालाचे थोडे कोरडे खडे तिनं काट्यावर ठेवले. कोणी हात न लावता आकडा चढू लागला. वेड वाकून बघत राहिला.

"आपल्या दमट हवेत केससुद्धा फुगतात," ती म्हणाली. "हा तर तहानलेलाच असतो. चाचणीच्या नळीत तापला की पाणी उडून जातं, पण तू वेगाला भागतोस ते ओल्या वजनानं."

काल वजन केलेल्यातला उरलेला नमुना त्यांनी पुन्हा वाळवला, झाकून निववला. वजनात नेमकं बारा टक्के पाणी निघालं. माल ठणठणीत होता.

वेडचा चेहरा उतरला. "माल मेलाय असं मागच्याच आठवड्यात मी साहेबांना छातीठोक सांगितलंय. काटा बिघडला होता म्हणू का?"

"काटा रोज सकाळी मी तपासते, बाळा."

तो कानापर्यंत लाल झाला. कागद उचलून गेला.

डेल्फीन नळ्या धूत राहिली. दोनचे अडीच झाले, तीन झाले. एक नळी तिनं दोनदा धुतली.

वेड आला. "साहेबांनी हजामत केली. पण काम चालू राहणार." त्यानं अहवाल पुढे केला. "तुम्ही नसता तर... थँक यू, मिस डेल्फीन."

पहिल्याच पानावर होतं: वजनातली चूक माझी. ती शोधली डेल्फीन आर्सेनो यांनी.

या इमारतीतल्या अहवालांवर आजवर फक्त इंजिनीअरांची नावं असत.

"थांब," ती म्हणाली. तिनं हातमोजे काढले, हात धुतले, नीट कोरडे केले आणि मगच तो कागद हातात घेतला.