म्हस्कूतात्यांच्या पोटातली फुगलेली महारोहिणी

मी एक म्हातारी महारोहिणी आहे, मित्रांनो. हृदयापासून निघून पोटात उतरणारी, शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. अंथुर्ण्याच्या म्हस्कूतात्यांच्या पोटात, पाठीच्या कण्याला टेकून मी त्यांच्या जन्माआधीपासून धडधडते आहे.

माझ्या भिंतीत लवचीक तंतू आहेत आणि ते कातरणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, आहेत. विकरांनी झिजलेला तंतू कापायचा, पेशींनी तिथे नवा विणायचा, अशी माझी डागडुजी चालत असे. तात्या जत्रेत ढोल घुमवायचे तेव्हा रक्ताचा प्रत्येक तडाखा मी सहज झेलत असे.

पण विडीच्या धुराने भिंतीला सूज आली. विकरे वाढली, विणणे मागे पडले आणि नुसते कातरणे उरले. मी पातळ होत गेले आणि फुगले.

मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली तेव्हा इंदापूरच्या डॉक्टरांना मी दिसले. "मोठी शीर फुगलीय. फुटली तर वेळ मिळणार नाही. ऑपरेशन करा. विडी ओढता?"

तात्या खाली बघून म्हणाले, "व्हय."

घरी मात्र त्यांनी बायकोला, सिंधुबाईंना सांगितले, "गॅस हाय." विडी सोडल्याची शपथ त्यांनी तिच्यापुढे घेतली होती. आजार सांगायचा तर विडीही सांगावी लागली असती.

बिचाऱ्या सिंधुबाई गॅससाठी रोज कोमट तेलाने त्यांचे पोट चोळू लागल्या. तात्या डोळे मिटून पडून राहत. लाजेने त्यांच्या हृदयाचे ठोके वाढत, ते मलाच सोसावे लागत.

एका सकाळी सिंधुबाईंचा तळवा माझ्यावर थांबला. "आवं, हितं काय उडतंय?" असे म्हणत त्या जरा जोराने दाबू लागल्या. तात्यांनी त्यांचे मनगट धरले.

"दाबू नगंस, सिंधू. शीर फुगलीया. फुटंल."

"तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय. विडी सुटली न्हाय माझी."

सिंधुबाई आपल्या तेलकट हातांकडे बघत राहिल्या. "आन् मला रोज चोळू दिलंत? काय झालं असतं, तर ह्या हातांनी मी जगले असते का?"

त्याच दिवशी दोघे बारामतीला मोठ्या दवाखान्यात गेले. "तुमच्या हातांनी काही बिघडलेलं नाही," असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा कुठे सिंधुबाई रडल्या. मांडीतल्या रोहिणीतून माझ्यात एक कापडी नळी बसवली गेली. आता रक्त तिच्यातून वाहते. मी नुसती भोवती आहे.

परवा पारावर त्यांच्या दोस्ताने, जोतीरामने विडी पुढे केली. तात्या म्हणाले, "नगं. ह्या विडीपायी माझी शीर फुगली, आन् ते मी बायकूपासनं लपवलं." जोतीरामने विडी मागे घेतली. तात्यांचे कान लाल झाले, पण ते उठून गेले नाहीत.

मित्रांनो, माझी भिंत झिजताना आवाज होत नाही आणि मला बोलता येत नाही. डॉक्टरांनी तुम्हाला जे सांगितले, ते घरी गेल्यावर घरच्यांना तुम्हीच सांगायचे आहे.