कोपऱ्यावर न बसलेला माथा

मी खांबाचा माथा बोलतोय. बोलायची हौस नाही. पण या अंगणात येणारा प्रत्येक पाहुणा माझ्यावरून हात फिरवतो, 'काय कोरलाय' म्हणतो आणि मग विचारतो, हा देवळावर न जाता इथे कसा पडला. ऐका एकदाचं, आणि पुन्हा विचारू नका.

मी संगमरवराचा. खांबाच्या अंगावरच्या उभ्या पन्हळी खांब उभा राहिल्यावर कोरतात. माथा मात्र खालीच पुरा करून वर चढवतात. पुढे-मागे मेंढ्याच्या शिंगांसारखी वेटोळी, मधे अंड्यांची माळ, वर पातळ फरशी. मला मानेसने कोरलं. समुद्रापलीकडच्या फ्रिजिया मुलखाचा होता, पाथरवटांचा मुकादम लिसानिआस याचा गुलाम. शेवटचा माथा चढला की तू मोकळा, असं लिसानिआसने त्याला चार माणसांत सांगितलं होतं. तो शेवटचा मीच. मला घासताना मानेस गावाकडच्या बायकोशी, ती समोर असल्यासारखा, बोलत बसायचा. ऐकून ऐकून वीट आला होता.

दोर बांधून मला वर नेलं आणि चूक सगळ्यांना दिसली. जागा कोपऱ्याची होती. कोपऱ्याचा माथा देवळाच्या दोन बाजूंनी दिसतो, त्याला समोरही वेटोळी लागतात आणि कुशीलाही. माझ्या कुशीला नव्हती. कुठला माथा कुठे जाणार हे लिसानिआसच ठरवायचा, आणि त्याने नमुना दिला होता मधल्या खांबाचा.

कामावर देखरेख करणारा पंच फिलाग्रोस आला. लिसानिआस म्हणाला, "मी कोपऱ्याचाच सांगितला होता. याला आपली भाषा कुठे कळते? मान हलवतो आणि मनाला येईल ते कोरतो."

लोक हसले. मानेस हळूच म्हणाला, "नमुना मालकांनीच दिला."

आमच्याकडे तेव्हा गुलामाचा शब्द मार खाल्ल्याशिवाय खरा धरत नसत. मला खाली उतरवलं आणि मानेसला माझ्यावरच पालथा बांधला. पहिल्या फटक्याला त्याने तेच सांगितलं.

"हे तर मघाशीही म्हणालास," फिलाग्रोस म्हणाला. "चालू द्या."

चालू राहिलं. माझ्या वेटोळ्यांत रक्त साचलं. शेवटी मानेस पुटपुटला, "मालकांनी कोपऱ्याचाच सांगितला होता."

"बघा, निघालं की नाही खरं?" फिलाग्रोस म्हणाला आणि समाधानाने जेवायला गेला.

मानेसला चांदीच्या खाणीत विकलं. तिथून कोणी परत येत नाही. माझ्या जागी दुसरा माथा चढला, मला उतारावरून ढकलून दिलं. कित्येक शतकांनी गावकऱ्यांनी देऊळ फोडून भट्टीत चुना केला, त्यात तोही जळाला. मी मातीखाली होतो म्हणून राहिलो.

मग कोणीतरी मला उकरून या अंगणात आणलं. आता इथे कोळी स्तामातिस माझ्यावर ऑक्टोपस आपटतो. "भरपूर आपटला की मऊ पडतो," असं तो पाहुण्यांना हसून सांगतो. मला सांगायची गरज नाही.

अंड्यांची माळ झिजली, झिजू दे. पण मी मधल्या खांबाचा माथा म्हणून चोख होतो आणि मानेसचा हातही चोख होता. एवढं एकाने तोंडाने म्हणायचं राहिलंय. तो कधीच मेला, त्याची हाडंही उरली नाहीत, हे मला ऐकवू नका. माफी मागायची आहे ती लिसानिआसने.